इंदुरात नवीन आलात? मग वॉर्डाची हद्द कशी बदलते ते एकदा समजून घ्या

माझी मावसबहीण पुण्याहून बदली होऊन इथे आली आणि महिनाभरातच तिचा फोन, "ताई, आमचा नगरसेवक कोण गं? लाइट बंद आहे गल्लीतला." म्हटलं पहिली गोष्ट, इथे नगरसेवक म्हणू नकोस, पार्षद म्हण, नाहीतर समोरचा दोन मिनिटं तुझ्या तोंडाकडे बघत राहील. आणि दुसरी गोष्ट, तू ज्या गल्लीत राहतेस तिचा अर्धा भाग एका वॉर्डात आहे आणि अर्धा दुसऱ्या, त्यामुळे आधी तुझं घर कुठल्या बाजूला पडतं ते बघावं लागेल. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग बसून सगळं समजावलं, तेच इथे लिहून काढतेय, कारण विधानसभेची हद्द काय, वॉर्डाची काय, ती कोण बदलतं, आपण त्यात कधी बोलू शकतो, हे इथे जन्म गेलेल्यांनाही धड माहीत नसतं आणि मलाही एकदा तोंडघशी पडल्यावरच कळलं.

आधी आपल्या घरावरून कुठल्या कुठल्या रेघा जातात ते बघा

सगळ्यात आतली रेघ वॉर्डाची. इंदूर नगर निगमात सध्या ८५ वॉर्ड आहेत, एका वॉर्डात एकच पार्षद. पुण्या-मुंबईकडून आलेल्यांना प्रभाग आणि त्यात तीन-चार जणांचं पॅनल अशी सवय असते, तसलं इथे काही नाही. आपल्याकडे ज्याला प्रभाग रचना म्हणतात त्याला इथे वॉर्ड परिसीमन म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, ऑफिसात हाच चालतो. महापौराला मात्र सगळं शहर थेट मत देतं.

त्याच्या बाहेरची रेघ विधानसभेची. शहरात इंदूर-१ ते इंदूर-५ असे पाच मतदारसंघ, पण शहराचा काही भाग राऊ मतदारसंघात जातो हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. पत्ता इंदूरचा, टॅक्स इंदूर निगमचा आणि आमदार राऊचा, असं चालतं इथे. सगळ्यात बाहेरची रेघ लोकसभेची: देपालपूर, इंदूरचे पाच, राऊ आणि सांवेर मिळून इंदूर लोकसभा. महू इंदूर जिल्ह्यातच आहे पण लोकसभेला ते धारमध्ये मोजतात, बसा विचार करत.

झोन ही वेगळी भानगड. झोन म्हणजे निगमचं कामाचं ऑफिस, जलकर, संपत्तिकर, ड्रेनेजची तक्रार वगैरे. झोन बदलला म्हणजे वॉर्ड बदलला असं नाही, आणि पिनकोड नि पोलीस ठाणं यांचा तर ह्या सगळ्याशी काहीच संबंध नाही. लोक इथेच पहिला घोळ घालतात.

स्वतःचं बघायचं असेल तर निवडणूक आयोगाच्या अॅपवर व्होटर कार्डाचा नंबर टाका किंवा १९५० ला फोन करा, विधानसभा आणि भाग क्रमांक (म्हणजे मतदार यादीच्या ज्या तुकड्यात तुमचं नाव आहे त्याचा नंबर) कळतो. वॉर्ड मात्र तिथून कळेलच असं नाही, त्यासाठी संपत्तिकराची पावती काढा, तिच्यावर असतो. पावती जुनी असेल तर वॉर्डही जुना असेल, तारीख बघून घ्या.

हद्द बदलतेच कशाला?

दोन कारणं. एक, शहर फुगतं. २०१४ साली आजूबाजूची २९ गावं निगममध्ये घेतली आणि ६९ वॉर्डांचे ८५ झाले, त्यावर मग जानेवारी २०१५ ची निवडणूक झाली. दुसरं, माणसं एकीकडून उठून दुसरीकडे जातात. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत आता दुकानं नि गोदामं झालीत, आणि बायपासकडे जिथे गव्हाची शेतं होती तिथे टाउनशिप. कायद्यात लिहिलंय की जमेल तितकं प्रत्येक वॉर्डाची लोकसंख्या सारखी हवी आणि वॉर्ड सलग, आटोपशीर हवा, म्हणजे इकडे डोकं नि तिकडे शेपूट असं नको. त्यामुळे कधी ना कधी रेघा हलवाव्याच लागतात.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे. लोकसंख्या म्हणजे मतदार नव्हे. लोकसंख्या म्हणजे जनगणनेत मोजलेली माणसं, पाळण्यातल्या पोरासकट. आणि कुठली जनगणना? घटनेत म्हटलंय, जिचे आकडे प्रसिद्ध झालेत अशी शेवटची. म्हणजे आजही २०११ ची! तुमच्या टॉवरात दोनशे फ्लॅट असतील आणि सगळे भरलेले असतील, पण २०११ मध्ये तिथे ज्वारी असेल तर कागदावर तुम्ही शून्य आहात. नवीन जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, तिचे वॉर्डवार आकडे छापून येईपर्यंत हाच हिशोब. आणि जनगणनेच्या आधी हद्दी गोठवतात, ह्यावेळी बदल करायला ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतची मुदत दिली होती, नाहीतर मोजणारा एका वॉर्डात शिरायचा आणि बाहेर पडेपर्यंत वॉर्ड बदललेला असायचा.

रेघ ओढणारा बघतो काय

तो गल्ली बघत नाही, ब्लॉक बघतो. जनगणनेच्या वेळी शहराचे बारके तुकडे पाडतात, एका मोजणी करणाऱ्याला झेपेल एवढे, साधारण सहाशे ते आठशे माणसांचे, ह्यांना प्रगणक ब्लॉक म्हणतात. प्रत्येक ब्लॉकला नंबर आणि त्यापुढे किती माणसं, त्यात अनुसूचित जातीची किती, जमातीची किती. वॉर्ड बनवणं म्हणजे हे तुकडे इकडून उचलून तिकडे जोडणं, बस.

उदाहरण घ्या, आकडे मी मनाचे घेतेय. समजा शहराची लोकसंख्या २० लाख ४० हजार, भागिले ८५, म्हणजे वॉर्डाला सरासरी २४ हजार. तुमच्या वॉर्डात आहेत ३१,२०० आणि शेजारच्यात १८ हजार. म्हणजे तुमच्याकडे ७,२०० जास्त. सातशेचा एक ब्लॉक धरला तर साधारण दहा ब्लॉक तिकडे सरकवायचे. तुम्ही आलात बरोबर २४ हजारांवर, शेजारी झाला २५,२००, सरासरीच्या पाच टक्केच वर, सगळे खूश. आता हे दहा ब्लॉक कुठल्या कडेचे उचलायचे, उत्तरेचे की पूर्वेचे, हाच सगळा खेळ आहे. गणित दोन्हीकडून जुळतं, पण उत्तरेची वस्ती काढली तर एक पार्षद पडतो आणि पूर्वेची काढली तर दुसरा. म्हणून ड्राफ्ट यायच्या आधी महिनाभर नेतेमंडळींच्या गाड्या कुठे उभ्या राहतात ते बघत जा.

ड्राफ्ट आला की करायचं काय

मध्य प्रदेशात वॉर्डांचा प्रस्ताव कलेक्टरच्या देखरेखीखाली बनतो, मग सूचना निघते, लोकांकडून दावे-आपत्ति मागवतात (इथे आपत्ति म्हणजे संकट नव्हे, हरकत), सुनावणी होते, आणि शेवटी राज्य शासन राजपत्रात छापतं. सूचना पेपरात अगदी बारीक अक्षरात येते, निगमच्या आणि कलेक्टोरेटच्या बोर्डावर लागते. मुदत मोजक्या दिवसांची असते, त्यात रविवार, सण सगळं धरलेलं, त्यामुळे ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी कॉपी काढा, उद्यावर टाकू नका.

कॉपी हातात आली की नकाशाच्या मागे लागू नका, नकाशा एवढा बारीक असतो की त्यात राजवाडाही सापडत नाही. चौहद्दी वाचा. मराठीत आपण चतुःसीमा म्हणतो तेच, उत्तरेला काय, पूर्वेला काय. आणि मग कागद घेऊन पायी निघा, गाडीवर नको, पायीच.

२०१४ मध्ये मी आणि आमच्या गल्लीतले एक बँकेतून रिटायर झालेले काका असे निघालो होतो सकाळी सात वाजता. कागदात लिहिलेलं की रेघ मुख्य रस्त्याने नाल्यापर्यंत जाते आणि नाल्याच्या काठाने शाळेच्या भिंतीपर्यंत. रस्ता सापडला, शाळा सापडली, नाला काही सापडेना. दोन फेऱ्या मारल्या. शेवटी चहावाल्याने सांगितलं, अहो नाला तुमच्या पायाखालीच आहे, वर स्लॅब टाकून सिमेंटचा रोड झाला त्याला चार वर्षं झाली. म्हणजे हद्द जिच्यावर होती ती गोष्टच जमिनीखाली गेलेली, आणि तिचा काठ कुठला म्हणायचा, रोडचा डावा कठडा की उजवा? मध्ये बावीस घरं येत होती, त्यातलं एक आमचं. पुढे लिहिलेलं "दाएँ हाथ की गली". उजव्या हाताची, पण तोंड कुठे करून? काका तिथेच गोल फिरले एकदा, म्हणाले दोन्ही गल्ल्या उजव्या हाताला आहेत, कसं उभं राहता त्यावर आहे.

तेव्हा चालताना एवढं टिपा: कुठे खूण नाहीशी झालीय, कुठे एकाच गल्लीच्या दोन बाजू दोन वॉर्डांत गेल्यात, कुठे मध्येच रेल्वे लाइन किंवा नदी येतेय आणि पलीकडे जायला पूलच नाही. कान्ह आणि सरस्वती दोन्ही शहराच्या मधून वाहतात, कागदावर सलग दिसणारा वॉर्ड प्रत्यक्षात पुलावरून वळसा घेऊन जायचा असतो. घर नंबर लिहा, फोटो काढा.

आपत्ति कशी लिहायची (इथे आम्ही आपटलो)

आम्ही काय केलं, गल्लीत सह्या गोळा केल्या, १४० झाल्या. अर्ज लिहिला काकांनीच, फार सुंदर लिहिला, की आम्ही तीन पिढ्या एकत्र राहतो, आमचं गणपती मंडळ एक, हळदीकुंकू एक, आम्हाला तोडू नका. ज्या ऑफिसात दिला तिथल्या बाबूने न वाचताच ठप्पा मारला. सुनावणीत आमचा नंबर आला आणि दीड मिनिटात संपला, उत्तर एका ओळीचं, लोकसंख्येचं संतुलन राखण्यासाठी आवश्यक, आपत्ति अमान्य.

आमच्या मागेच शेजारच्या कॉलनीतला एक मुलगा उभा होता, एकटा, सही फक्त त्याची. त्याच्याकडे एक पान. त्यावर लिहिलेलं की अमुक अमुक नंबरचे दोन ब्लॉक तुम्ही त्या वॉर्डात टाकलेत, त्यात एवढी माणसं, त्याऐवजी ह्या बाजूचे हे दोन ब्लॉक टाका, त्यात एवढी, दोन्ही वॉर्डांची बेरीज जवळपास तीच राहते आणि रेघ आडव्यातिडव्याऐवजी सरळ रस्त्यावरून जाते. अधिकाऱ्याने चष्मा वर केला, तक्त्यावर बोट फिरवलं, आणि त्याचं झालं. आमचे १४० लोक आणि त्याचं एक पान!

तेव्हा कळलं की भावना लिहायची नाही, अदलाबदल लिहायची. एवढे घ्या, एवढे द्या, बेरीज ही. नुसतं "आम्हाला तोडू नका" म्हटलं की अधिकाऱ्याच्या हातात काहीच येत नाही, त्याला आकडा भरायचाय आणि तुम्ही त्याला भोक पाडून देताय.

अर्ज हिंदीत लिहा. घरात आपण काहीही बोलत असू, इथलं राजकाज हिंदीत चालतं आणि मराठी अर्ज बाजूला ठेवला जातो. वर वॉर्डाचा प्रस्तावित नंबर, मग चौहद्दीतलं नेमकं वाक्य जसंच्या तसं, मग चूक काय, मग तुमचा पर्याय ब्लॉक नंबर आणि आकड्यांसह, शेवटी खूण केलेल्या नकाशाची कॉपी. एका अर्जात एकच मुद्दा. पोच पावतीवर आवक नंबर आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, बाबू कितीही म्हणो "हो जाएगा दीदी".

ब्लॉकवार आकडे ड्राफ्टला जोडलेले नसतील तर मागा, लेखी मागा, आणि तक्ता तिथेच बघू द्या असं म्हणा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकाल तर उत्तराला ३० दिवस लागतात आणि तोपर्यंत मुदत संपून राजपत्र छापून झालेलं असतं. आरटीआय ही ड्राफ्टच्या आधी टाकायची गोष्ट आहे.

रेघ फायनल झाली, मग आरक्षण

हद्द ठरली की कुठला वॉर्ड कोणासाठी हे ठरतं. अनुसूचित जाती-जमातीचे वॉर्ड त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणावरून ठरतात, म्हणून वरच्या त्या ब्लॉकच्या अदलाबदलीत हाही छुपा परिणाम असतो, चार ब्लॉक हलले की वॉर्ड राखीव होतो किंवा राखीवचा मोकळा होतो. महिलांना मध्य प्रदेशात निम्मे वॉर्ड, त्याच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढतात. बघायला जरूर जा, मी म्हणते आयपीएल काय आहे त्याच्यापुढे. पाच वर्षं पोस्टर लावत फिरलेला माणूस एका चिठ्ठीत घरी बसतो आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या बायकोचे पोस्टर छापून तयार.

आणि हे सगळं अडकूही शकतं. मागच्या निगमची मुदत २०२० च्या सुरुवातीला संपली आणि निवडणूक झाली जुलै २०२२ मध्ये, अडीच वर्षं पार्षदच नव्हते, प्रशासक. कोविड होता, ओबीसी आरक्षणाचा वाद होता, परिसीमनाचंही कारण होतं, शेवटी मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परिसीमन चालू आहे म्हणून पाच वर्षांची निवडणूक लांबवता येत नाही.

विधानसभेचं मात्र वेगळं

इथे कलेक्टरही नाही आणि राज्य सरकारही नाही, दिल्लीहून परिसीमन आयोग नेमला जातो. देशभरासाठीचे आतापर्यंत चार झाले, १९५२, १९६३, १९७३ आणि २००२ चे. आज जे मतदारसंघ आहेत ते शेवटच्या, न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या आयोगाने आखलेले, २००८ पासून लागू, २००१ च्या जनगणनेवर. मध्य प्रदेशची तेव्हाची लोकसंख्या सहा कोटी तीन लाख, जागा २३०, म्हणजे एका आमदारामागे साधारण २ लाख ६२ हजार माणसं असा हिशोब होता. राऊ मतदारसंघ ह्याच वेळी जन्माला आला. ताई (इंदुरात नुसतं ताई म्हटलं की सुमित्राताई महाजन) आठ वेळा इंदुरातून खासदार झाल्या, त्यातल्या शेवटच्या दोन, २००९ आणि २०१४, ह्या नव्या हद्दींवरच्या.

आयोगाचेही ड्राफ्ट निघतात, आपत्ति मागवतात, जाहीर सुनावणी होते. प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात, त्यांना बोलता येतं पण मत नाही आणि सहीही नाही. नियम जवळपास तेच, सलग भूभाग, येण्याजाण्याची सोय, आणि एक जास्तीचा की एक विधानसभा पूर्णच्या पूर्ण एकाच लोकसभेत बसली पाहिजे.

नवीन लोकांचा गोंधळ कुठे होतो सांगते. २००८ च्या आदेशात इंदूरचे मतदारसंघ वॉर्ड नंबरांनी लिहिलेत. पण ते त्या काळचे वॉर्ड! नंतर वॉर्ड ६९ चे ८५ झाले, नंबर बदलले, हद्दी बदलल्या, विधानसभेची रेघ मात्र होती तिथेच राहिली. त्यामुळे आदेश उघडून "आमचा वॉर्ड तर इंदूर-४ मध्ये लिहिलाय" असं भांडायला जाऊ नका, भाग क्रमांक बघा, तो खरा.

रेघ जागेवर राहिली आणि शहर सरकलं, त्याचा परिणाम बघायचा तर इंदूर-३ आणि इंदूर-५ शेजारी शेजारी ठेवा. २०२३ च्या निवडणुकीत जुन्या बाजारपेठेच्या इंदूर-३ मध्ये दोन लाखांच्या आत मतदार होते आणि इंदूर-५ मध्ये चार लाखांच्या आसपास. आमदार दोघांचाही एकच. म्हणजे इंदूर-३ मधल्या माणसाचं एक मत इंदूर-५ मधल्या दोन मतांएवढं वजनदार, आणि हे कोणी मुद्दाम केलेलं नाही, नुसतं न हलवल्याने झालंय.

कोर्टात जाता येतं का?

फार आशा नको. ह्या बाबतीतला सगळ्यात गाजलेला खटला आपल्या शेजारच्या उज्जैनचाच आहे. मेघराज कोठारी नावाच्या गृहस्थांनी उज्जैन लोकसभा राखीव केल्याला आव्हान दिलं आणि १९६६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आयोगाचा आदेश राजपत्रात छापला की तो कायद्यासारखाच, त्यावर कोर्टात प्रश्न नाही. नगर निगमच्या वॉर्डांनाही घटनेत तसंच संरक्षण आहे. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने दार थोडं किलकिलं केलं, उघड उघड मनमानी असेल तर बघू म्हणाले. पण गल्ली तुटली एवढ्यावर ते होणार नाही. म्हणून जे काही बोलायचं ते ड्राफ्ट आणि राजपत्र यांच्या मधल्या त्या थोड्या दिवसांतच.

शेवटचं काम, यादी

हद्द बदलली की मतदार यादी परत पाडतात. विधानसभेची यादी भारत निर्वाचन आयोगाची आणि निगमची यादी राज्य निर्वाचन आयोगाची, कार्ड एकच असलं तरी याद्या दोन. निगमची यादी साधारण विधानसभेच्या यादीवरूनच वॉर्डवार तोडतात आणि तोडताना कडेची घरं हमखास इकडची तिकडे जातात. तुमचं घर हद्दीवर असेल तर घरातल्या प्रत्येकाचं नाव वेगळं वेगळं तपासा, एकाचं सापडलं म्हणजे सगळ्यांचं असं समजू नका.

आमचं घर त्या गाडलेल्या नाल्याच्या काठावरचं. कचऱ्याची गाडी तेव्हा पंधरा दिवस आली नाही, हा वॉर्डवाला म्हणे ती गल्ली त्याची, तो म्हणे ह्याची, आणि हे पुढे देशातलं सगळ्यात स्वच्छ ठरलेल्या शहरात. २०२२ च्या निवडणुकीत माझं आणि नवऱ्याचं नाव समोरच्या शाळेत निघालं आणि सासूबाईंचं दीड किलोमीटर लांब, दुसऱ्याच वॉर्डात. त्याच घर नंबरवर! दुरुस्तीची तारीख निघून गेलेली. शेवटी रिक्षा केली त्यांना. तासाभराने परत आल्या, चपला काढल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा तिकडची रांग छोटी होती गं, आणि बसायला खुर्ची दिली."